सुई बाहेर काढताना होणारा 'फुस्स'

पत्र : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. आठ महिन्यांपासून आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी डे-केअर केमो असते, म्हणजे कॅन्सरची औषधं देऊन पेशंटला त्याच दिवशी घरी पाठवतो. दर वेळी सहा-आठ पेशंट. बरेचसे खर्र्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) तोंडाचा कॅन्सर झालेले, काही स्तनाच्या कॅन्सरच्या बाया. सिस्प्लॅटिन, फाइव्ह-एफयू, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं मीच व्हायलमधून, म्हणजे औषधाच्या बंद बाटलीतून, सिरिंजमध्ये काढते, ड्रेसिंग रूममधल्या टेबलावर. खिडकीत कुलर आहे, उन्हाळ्यात तो बंद केला तर उभं राहवत नाही. साधा मास्क आणि तपासणीचे लेटेक्सचे हातमोजे मिळतात. व्हायलमधून सुई काढताना फुस्स आवाज होतो, कधी थेंब उडतो. त्या दिवशी संध्याकाळी डोकं धरतं. सर म्हणतात, मास्क घातला की काही होत नाही. लॅबमधलं जुनं लॅमिनार (फिल्टर केलेल्या हवेच्या झोतात काम करायचं टेबल) आम्हाला मिळणार आहे, ते चालेल का? आणि एक गोष्ट अजून कोणालाच सांगितली नाही. मला दिवस गेले आहेत, सहावा आठवडा आहे.

उत्तर :

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीचं आधी बोलू, बाकी सगळं त्याच्यानंतर. आपल्याकडे तीन महिने भरल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही अशी रीत आहे. घरच्यांपुरती ती जरूर पाळा. दवाखान्यात मात्र पाळू नका, कारण ही औषधं गर्भाला सगळ्यात जास्त जड जातात ती नेमकी याच तीन महिन्यांत. बाळाचे अवयव आता घडताहेत, आणि भराभर वाढणाऱ्या पेशी मारणं हेच तर या औषधांचं काम. पेशी कॅन्सरची की गर्भाची, हे त्यांना कळत नाही. फिनलंडमधल्या नर्सेसचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं हाताळलेल्यांमध्ये गर्भ जाण्याची शक्यता दुपटीहून जास्त दिसली होती. तो काळ चांगली सुरक्षा-साधनं सगळीकडे पोचायच्या आधीचा होता. तुमचं टेबल आज त्याच काळात आहे, म्हणून हा आकडा तुम्हाला सांगतोय.

तेव्हा येत्या केमोच्या दिवसाआधी इन्चार्ज सिस्टर आणि वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवा. तोंडी नको. अर्जात चार कामं नाव घेऊन लिहा : केमोची औषधं काढणं, पेशंटला लावणं, सांडलेलं पुसणं, आणि केमो घेतलेल्या पेशंटची लघवी-उलटी हाताळणं. गरोदरपणात आणि पुढे अंगावर पाजेपर्यंत या चारही कामांतून मोकळीक हवी असं स्पष्ट मागा. आवक क्रमांक टाकून घ्या, एक प्रत घरी ठेवा. वॉर्ड, ओपीडी, लसीकरण, कुठलीही दुसरी ड्युटी तुम्ही करू शकता हेही त्यातच लिहा, म्हणजे "रजेवर जा" असं उत्तर द्यायला जागा राहणार नाही.

झालं ते झालं, त्याचं काय, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणारच. तुमच्या अंगात किती औषध गेलं आणि बाळाला काही झालं का, हे सांगणारी रक्ताची तपासणी तुमच्या-आमच्या हाताशी नाही. ही औषधं हाताळणाऱ्या बहुसंख्य नर्सेसना धडधाकट मुलं झाली आहेत, हेही तितकंच खरं. नुसत्या भीतीपोटी गर्भ ठेवायचा की नाही असला निर्णय घेऊ नका. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना औषधांची नावं आणि पाळी चुकल्यापासूनच्या केमोच्या तारखा एका कागदावर लिहून द्या. फॉलिक अॅसिड त्या सांगतील तसं घ्या, १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. यजमान जर अशाच कामात असतील, तर मूल हवं असताना ही काळजी पुरुषांनीही घ्यायची असते. शुक्रजंतूंवरही या औषधांचा परिणाम होतो.

आता मास्कची गोष्ट. सर चुकीच्या हेतूने बोलले असं आम्हाला वाटत नाही. मास्क म्हणजे संरक्षण ही समजूत फार मुरलेली आहे. पण साधा तीन पदरी मास्क आपली थुंकी पेशंटवर जाऊ नये म्हणून असतो. औषधाचा बारीक तुषार त्याच्या कडांमधून आत येतो. एन-९५ कण अडवतो, पण वाफ त्यालाही अडवता येत नाही, आणि सायक्लोफॉस्फामाइडसारखं औषध खोलीच्या तापमानालाही थोडं थोडं उडतं. तुमच्या खोलीचं मे महिन्यातलं तापमान तर विचारायलाच नको.

त्याहून मोठी बाब म्हणजे नाकापेक्षा कातडीतून जास्त जातं. टेबलावर, व्हायलच्या काचेवर, ट्रेच्या कडेला, रजिस्टरच्या पेनावर वाळून बसलेलं औषध हाताला लागतं, आणि तो हात कपाळाच्या टिकलीला, मंगळसूत्राला, चहाच्या कपाला लागतो. डॉक्सोरुबिसिन लाल आहे म्हणून पांढऱ्या गॉजवर टिपका पडला की आपण दचकतो. सायक्लोफॉस्फामाइड, सिस्प्लॅटिन, फाइव्ह-एफयू दिसायला पाण्यासारखी. तेही तितकंच पडतं, फक्त दिसत नाही. यातलं सायक्लोफॉस्फामाइड माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात ठेवलंय. डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन 'बहुधा करतात' या गटात आहेत. आजारी माणसाला मोठा फायदा मिळतो म्हणून तो हा धोका पत्करतो. तुम्हाला त्यातला फायदा शून्य.

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द 'फुस्स' हा आहे. ते का होतं ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढे जी व्यक्ती हे काम हातात घेईल तिला शिकवायचं तुम्हालाच आहे.

व्हायल म्हणजे बंद बाटली. त्यात २५ मिली सलाईन ढकललं की आतली २५ मिली हवा दाबली जाते, तिला जायला वाट नसते. सुई बाहेर येताना रबराच्या बुचात क्षणभर फट पडते, आणि दाबलेली हवा औषधाचा तुषार घेऊन बाहेर येते. तेच फुस्स. चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो. आपण सिरिंजमधला बुडबुडा काढायला सुई वर धरून पिचकारी मारतो ना, तोही हाच प्रकार. इतर इंजेक्शनांना ती सवय चालून जाते, इथे नाही.

उपाय एकच : व्हायलच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कायम किंचित कमी ठेवायचा. ५०० मिलीग्रॅम सायक्लोफॉस्फामाइडची पावडर घ्या. तिच्यात २५ मिली सलाईन जातं. ५० मिलीची सिरिंज घ्यायची, कारण सिरिंज पाऊण भागापेक्षा जास्त भरली की दट्ट्या निसटायची भीती असते. सिरिंज पीळ देऊन सुई घट्ट बसणारी, ल्युअर-लॉकचीच हवी. नुसती दाबून बसवलेली सुई दाब आला की सुटते, आणि मग थेंब नाही, धार उडते. सुई बुचात थोडी तिरपी टोचून मग सरळ करायची, म्हणजे रबराचा तुकडा कापून आत पडत नाही. आता तीन-चार मिली सलाईन आत सोडा आणि तेवढीच हवा सिरिंजमध्ये परत येऊ द्या. पुन्हा तीन-चार मिली, पुन्हा हवा परत. घाई केली की सगळं मुसळ केरात. सगळं सलाईन गेल्यावर दट्ट्या अजून जरासा मागे ओढून थोडी जास्तीची हवा काढून घ्या. व्हायल गोल गोल फिरवून पावडर विरघळवा. जोरात हलवलं की फेस होतो आणि मोजमाप चुकतं.

काढून घेताना उलट हिशेब. १० मिली औषध हवं असेल तर आत हवा सोडायची जास्तीत जास्त साडेसात मिली, तीही एकदम नाही, थोडी हवा-थोडं औषध अशी अदलाबदल करत. बुडबुडे आले तर ते व्हायलमध्येच परत ढकलायचे, बाहेरच्या हवेत नाही. सुई काढायच्या आधी व्हायल सरळ उभी करा, सुईचं टोक औषधाच्या वर हवेत आणा, दट्ट्या किंचित मागे ओढा, म्हणजे सुईत अडकलेला थेंबही सिरिंजमध्ये येतो. मग बुचाभोवती गॉज धरून सुई काढा. आवाज यायला नको. आवाज आला म्हणजे दाब जास्त राहिला, पद्धत चुकली.

हवा जाण्या-येण्याला ०.२ मायक्रॉनची जाळी असलेली डिस्पेन्सिंग पिन मिळते. ती व्हायलला लावली की हा हवेचा खेळ बराच सोपा होतो. त्याच्याही पुढची बंदिस्त जोडणीची साधनं येतात, ज्यात सुईच उघडी पडत नाही. ती महाग आहेत. पिन तेवढी महाग नाही, ती मागणीपत्रात आधी टाका. ही दोन्ही साधनं मदतीला आहेत, बायोसेफ्टी कॅबिनेटच्या (हवा आत ओढून फिल्टर करणाऱ्या, पुढे काच असलेल्या कपाटाच्या) जागी नाहीत.

हे सगळं वाचून "मग टेबलावरच नीट करू" असं कोणी म्हणेल. म्हणू देऊ नका. हात कितीही सफाईदार असला तरी उघड्या टेबलावर केमो काढायची नसते. त्यासाठी बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं, आणि इथे तुमच्या लॅमिनारचा प्रश्न येतो.

लॅबमधली जुनी लॅमिनार बहुधा आडव्या वाऱ्याची असतात. मागच्या भिंतीतल्या फिल्टरमधून स्वच्छ हवा निघते आणि समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते. औषध निर्जंतुक राहतं, पण उडालेला प्रत्येक कण सरळ तुमच्या छातीवर. केमोसाठी हे यंत्र उघड्या टेबलापेक्षाही वाईट. ओळखायची खूण सोपी आहे : यंत्र चालू करून पुढच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी तुमच्याकडे उडाली तर ते यंत्र या कामाचं नाही. उभ्या वाऱ्याचं असलं तरी त्याला पुढे काच आणि पुढच्या कडेला हवा आत ओढणारी जाळी नसेल तर तेही नको. हवं ते 'क्लास टू' बायोसेफ्टी कॅबिनेट, ज्याची फिल्टर केलेली हवा नळीने इमारतीच्या बाहेर जाते. मागणी करताना 'क्लास टू, टाइप बी-टू, किंवा बाहेर हवा सोडणारं टाइप ए-टू' असं लिहा. नुसतं 'लॅमिनार' लिहिलं तर जे स्वस्त ते येईल, आणि मग तेच गळ्यात पडेल.

कुलरचं गणित असं. कॅबिनेटच्या तोंडाशी हवा आत ओढली जाते ती साधारण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने, हाताला जेमतेम जाणवेल इतकी. कुलरचा झोत त्याच्या कितीतरी पट जोराचा. तो आडवा आला की ती आत जाणारी हवा मोडते आणि कॅबिनेट नावापुरतं उरतं. शिवाय कुलर बाहेरची हवा खोलीत कोंबतो, मग खोलीतली हवा दाराच्या फटीतून व्हरांड्यात जाते, जिथे पेशंटचे नातेवाईक डबा उघडून बसलेले असतात. केमोच्या खोलीत उलटं हवं : हवा बाहेरून आत यावी आणि एक्झॉस्ट पंख्याने थेट बाहेर जावी. तासाला किमान १२ वेळा खोलीतली हवा बदलेल एवढा पंखा लागतो. छताचा पंखाही बंद. म्हणून कॅबिनेटच्या मागणीसोबतच स्प्लिट एसी मागा, आणि त्याचा झोत कॅबिनेटवर येणार नाही अशा भिंतीला लावून घ्या. हा चैनीचा भाग नाही. ४५ डिग्रीत दोन हातमोजे आणि प्लास्टिकचा थर असलेला गाऊन घालून अर्धा तास उभं राहणं माणसाला जमत नाही, आणि जमत नाही म्हणून मग गाऊन खुंटीवर टांगलेला राहतो.

लोडशेडिंगचं पण बघावं लागेल. कॅबिनेटला वेगळा यूपीएस हवा. काम चालू असताना वीज गेलीच तर हातातलं तिथेच थांबवायचं, सिरिंजला टोपण लावायचं, व्हायलवर गॉज ठेवायचं, काच खाली ओढायची आणि बाहेर पडायचं. "एवढी एक व्हायल उरकून घेते" हे नको.

कॅबिनेट यायला महिने लागतील, हे आम्हाला ठाऊक आहे. तोवर केमो बंद करा असंही आम्ही म्हणणार नाही. तुमच्या तालुक्यातून नागपूरला जाऊन-येऊन पेशंटचा अख्खा दिवस आणि दोन माणसांची मजुरी जाते, आणि बरेच जण मग उपचारच सोडतात. मधला रस्ता म्हणजे औषध दुसरीकडे काढून इथे फक्त लावायचं. जवळच्या ज्या मोठ्या रुग्णालयात कॅबिनेट आहे तिथे बॅग तयार व्हाव्यात आणि रुग्णवाहिकेने याव्यात. प्रत्येक बॅग दोन झिप पिशव्यांत, त्या टणक उष्णतारोधक डब्यात, डब्यावर 'सायटोटॉक्सिक' (पेशी मारणारं) लेबल, सोबत स्पिल किट, म्हणजे सांडलेलं पुसायचं सामान. किती तास टिकेल ते तिथल्या फार्मासिस्टने बॅगवरच लिहावं. सिस्प्लॅटिन बर्फावर ठेवायचं नाही, थंडीने त्याचे खडे होतात. डॉक्सोरुबिसिन उजेडापासून झाकायचं. तिथून पाठवणाऱ्याने आयव्ही सेट साध्या सलाईनने भरून, बॅगला जोडूनच पाठवला तर सर्वात उत्तम, कारण इथे बॅगेला सेट टोचतानाच बऱ्याचदा सांडतं. इथेच टोचावं लागलं तर स्टँडवर टांगलेल्या बॅगेत कधीही टोचू नका. कंबरेच्या उंचीवर, प्लास्टिक पाठीच्या शोषक कागदावर आडवी ठेवून टोचा. आणि सेटमधली हवा औषध वाहू देऊन काढायची नाही, ती सलाईनने काढायची. संपल्यावर सेट बॅगेतून उपसायचा नाही, दोन्ही जोडलेलेच कचऱ्यात.

अशी सोय महिनाभरात होण्यासारखी आहे, फक्त पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जायला हवं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उभारायची घोषणा झाली आहे, त्याचा उल्लेख पत्रात करा. खुर्च्या आणि सलाईनचे स्टँड आले की केंद्र झालं असं धरलं जातं. औषध काढायची खोली कोणाच्या यादीत नसते, ती यादीत तुम्ही घाला.

हातमोज्यांचं थोडक्यात. तपासणीचे लेटेक्स हातमोजे पातळ असतात, आणि पावडरवाले असतील तर ती पावडर औषध धरून ठेवते. बिनपावडरचे नायट्राइलचे, केमोसाठी तपासलेले हवेत. खोक्यावर 'एएसटीएम डी ६९७८' छापलेलं बघा. दोन जोड्या, आतली गाऊनच्या मनगटाखाली, बाहेरची मनगटावरून. दर अर्ध्या तासाने बदलायच्या, थेंब पडला तर लगेच. विनाइलचे अजिबात नकोत. गाऊन ऑपरेशन थिएटरचा कापडी चालत नाही, कापड औषध पिऊन घेतं आणि अंगाला लावून ठेवतं. मागून बांधायचा, पुढून बंद, पॉलिथिनचा थर असलेला हवा. हे सगळं उतरवताना बाहेरचे मोजे आधी, मग फेसशील्ड, मग गाऊन, आतले मोजे शेवटी, आणि मग साबण-पाण्याने हात. सॅनिटायझर औषध काढत नाही, पसरवतो. व्हायलचं खोकं उघडणाऱ्या स्टोअरच्या माणसालाही हातमोजे लागतात, कारण कारखान्यातून येतानाच व्हायलच्या बाहेरून औषधाचा अंश असू शकतो.

तुमच्या दवाखान्यात सुई जाळायचं यंत्र असेल. केमोची सुई त्यात घालू नका, कोणाला घालू देऊ नका. सुईतलं औषध त्या ठिणगीबरोबर धूर होऊन समोर येतं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई तोडायची नाही. सिरिंजसकट न टोचणाऱ्या पिवळ्या डब्यात टाकायची. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सायटोटॉक्सिक औषधं आणि त्यांनी माखलेलं सगळं, व्हायल आणि अॅम्प्यूलसुद्धा, 'सायटोटॉक्सिक' लेबल लावलेल्या पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात जातं आणि १,२०० अंशांच्या वर जाळावं लागतं. मागच्या खड्ड्यात जाळलं किंवा ऑटोक्लेव्ह केलं (दाबाखालच्या वाफेत घातलं) तर औषध मरत नाही, हवेत जातं. रिकाम्या व्हायल भंगारवाल्याकडे जात नाहीत ना, हे एकदा स्वतः बघा. याच नियमांत कचरा हाताळणाऱ्यांची कामावर घेताना आणि मग वर्षातून एकदा आरोग्य तपासणी सांगितली आहे. तुमच्या सफाई मावशींना ती मिळते का? फरशी पुसणारी त्याच असतात, आणि हातमोजे मागायची हिंमत त्यांना सगळ्यात कमी असते. तुमच्या अर्जात त्यांचंही नाव घाला.

सांडलं तर काय, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. पहिलं काम लोकांना दूर करणं आणि पंखा-कुलर बंद करणं. दोन हातमोजे, गाऊन, चष्मा, एन-९५ घालून मगच जवळ जायचं. पातळ असेल तर शोषक कागद वरून ठेवायचा, पावडर असेल तर ओलं कापड, कोरडं झाडू-पोतेरं नाही. कडेकडून मधे पुसत यायचं, काच चिमट्याने उचलायची. मग साबण-पाण्याने तीनदा, दर वेळी नवं कापड. दोन टक्के हायपोक्लोराइटने काही औषधं निकामी होतात, सगळी नाही. ते वापरलंत तर नंतर पाण्याने पुसून घ्या, नाहीतर स्टील गंजतं. आणि संडास साफ करायच्या अॅसिडजवळ ते नेऊ नका, क्लोरीन वायू होतो. स्पिरिटने औषध मरत नाही, फक्त टेबलभर पसरतं. कुठलंही द्रावण फवारायचं नाही, कापडावर घेऊन पुसायचं. ५ मिलीपेक्षा जास्त सांडलं तर एकटीने हात घालायचा नाही. कातडीवर पडलं तर मोजे काढून भरपूर साबण-पाणी, घासायचं नाही. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं पाण्याची किंवा सलाईनची धार. दोन्हीची नोंद रजिस्टरमध्ये, औषधाचं नाव आणि वेळ घालून. तुमचं डोकं दुखणं उकाड्याचंही असेल, या औषधांचंही असेल. केमोच्या दिवशीच दुखतं आणि एरवी नाही, असं असेल तर तारखा लिहून ठेवा, अर्जाला जोडा.

पेशंट घरी गेल्यावर ४८ तास त्याच्या लघवीत, शौचात, उलटीत औषध येत राहतं. घरच्यांना दोन वाक्यं सांगितली तरी पुरतं : पुरुषांनीही बसूनच लघवी करावी आणि नंतर दोन बादल्या पाणी टाकावं. चादर-कपडे हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालून वेगळे, दोनदा धुवावेत, हातपंपाच्या ओट्यावर नाही. सून गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नये, आणि हे आपल्याकडे नेमकं तिच्याकडेच येतं, म्हणून मुद्दाम विचारा. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लाल होते, रक्त समजून लोक घाबरतात, तेही आधीच सांगा. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पोरांच्या घरी हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल असतात. तेही याच जातीचं औषध. लहान लेकराला देताना आई कॅप्सूल फोडून पावडर पाण्यात घालते असं दिसलं तर थांबवा, आणि डॉक्टरांकडून दुसरा मार्ग विचारून द्या.

राहिलं ते पुढच्या सिस्टरचं शिक्षण. हे तुम्ही निर्धास्त करू शकता, कारण त्यात केमोचा थेंबही लागत नाही. नेत्र विभागातून फ्लुरोसीनच्या (निळ्या उजेडात चमकणाऱ्या, डोळे तपासायच्या रंगाच्या) चार-पाच पट्ट्या मागून घ्या. पट्टी पाच मिली सलाईनमध्ये बुडवा आणि ते पिवळं पाणी रिकाम्या झालेल्या सेफ्ट्रियाक्सोनच्या व्हायलमध्ये भरा. नव्या सिस्टरला सगळा जामानिमा घालून वर लिहिलं तसं औषध काढायला, बॅगेत टाकायला, रजिस्टरमध्ये लिहायला लावा. मग खिडकीला चादर लावून अंधार करा आणि नेत्र विभागाची निळ्या उजेडाची बॅटरी फिरवा. बुचाभोवती हिरवे ठिपके दिसतील. गाऊनच्या मनगटावर दिसतील. पेनावर, कदाचित दाराच्या कडीवर, फेसशील्डच्या खालच्या कडेला. ते ठिपके बघून ती जे शिकेल ते तास-दोन तासांच्या भाषणाने शिकणार नाही. मोजे बदलून पुन्हा करायला लावा. लागोपाठ तीन वेळा मोज्यांच्या बाहेर एकही ठिपका दिसला नाही की मग तिला कॅबिनेटसमोर उभं करा.